भिशीच्या सह्या

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी येलहंक्याहून बस धरून मल्लेश्वरमला जायचो आणि मराठी मंडळाच्या खोलीत फुकट सल्ला द्यायला बसायचो. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं, 'छोट्या व्यावसायिकांसाठी कर मार्गदर्शन, चहापानासह'. निम्मे लोक चहापानासाठी यायचे, याबद्दल माझा काही गैरसमज नव्हता. उरलेले निम्मे एकच प्रश्न घेऊन यायचे, हे दाखवलं नाही तर चालेल का? मी म्हणायचो, नाही चालणार. मग ते तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारायचे.

मी सीए नाही. निपाणीकडून नोकरीसाठी इथे आलो, एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो, तो कारखाना बंद पडला तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि लोकांचे रिटर्न भरायला लागलो. म्हणजे मीही छोटा व्यावसायिकच. रविवारच्या त्या बैठकीतून मला गिऱ्हाइकं मिळाली, ते नाकारत नाही. मंडळातल्या बहुतेकांच्या फायली माझ्या कपाटात आल्या. पण नुसता धंदा म्हणून मी जात नव्हतो. आपल्या माणसांना परमुलखात चार गोष्टी नीट समजावून सांगितल्या तर ती फसणार नाहीत, असं मला खरंच वाटायचं. मी कंठशोष करून सांगायचो की दुकानाचं खातं वेगळं ठेवा, घरचं वेगळं. जे येतं ते लिहून ठेवा. आणि मला विचारल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. यातलं शेवटचं तेवढं सगळ्यांनी पाठ केलं.

बैठकीला चिवडा यायचा तो अक्कांच्या दुकानातून. अक्का म्हणजे इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. कधी काळी पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की माझी बायको पहिल्या भेटीत नुसतीच हसत मान हलवत राहिली होती. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने दुकान सांभाळलं. चिवडा, चकली, चटणीपुड्या, मेतकूट आणि दिवाळीत करंज्या. हाताखाली दोन बायका. चकली मात्र त्या कुणाला घालू देत नसत. दुकान एवढंसं, पण गिऱ्हाईक तुटत नसे, आणि त्या दुकानावर त्यांचा एकटीचा संसार मजेत चालला होता.

अक्का भिशी चालवायच्या. त्यांच्या घरात तिला चीटी म्हणत, आम्ही उत्तरेकडून आलेले लोक त्यात शिरलो आणि तिची भिशी झाली. मंडळातलेच वीस जण. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेला हप्ता द्यायचा, चिठ्ठी निघेल त्याला त्या महिन्याची सगळी रक्कम. एकदा ज्याचं नाव निघालं त्याने पुढेही शेवटपर्यंत हप्ता भरायचा, हे न सांगता ठरलेलं. लिखापढी काही नाही. अक्का आहेत ना, एवढ्यावर सगळं चालायचं. एक फेरी संपली की दुसरी सुरू व्हायची. कुणी त्यातून मुलीचं लग्न केलं, कुणी शिलाई मशीन घेतलं. माझी बायकोही त्यात होती, आमच्या घरातला फ्रिज त्याच पैशांचा.

आता घोटाळा कसा झाला तो सांगतो. पूर्वी हप्ता रोख यायचा. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि अक्कांच्या काउंटरवर पैसे घेण्याचा तो चौकोनी कोड चिकटला. लोक चिवडा घ्यायला यायचे, चिवड्याचे पैसे त्या कोडवर द्यायचे आणि लगेहात भिशीचा हप्ताही त्याच कोडवर टाकायचे. सोपं होतं. पण भिशी लागली की ती रक्कम मात्र फोनवरून द्यायची नाही, असा अक्कांचा दंडक. लक्ष्मी अशी हवेतून पाठवायची नसते म्हणे. त्या बँकेतून नोटा काढून आणायच्या, ताटात ठेवायच्या, हळदकुंकू लावायच्या, नारळ द्यायच्या. ज्याला मिळे तो त्यांच्या पाया पडे. दिसायला फार छान दिसायचं ते. मीसुद्धा कौतुकाने पाहिलंय.

म्हणजे झालं असं की आत येणारा प्रत्येक रुपया दुकानाच्या खात्यात नोंदला गेला आणि बाहेर जाणारा प्रत्येक रुपया ताटातून कुणाच्या तरी पिशवीत गेला. कागदावर बघणाऱ्याला एवढंच दिसणार की बाईंचा धंदा जोरात आहे.

त्या सुमारास शहरातल्या कितीतरी छोट्या दुकानदारांना फोनवर आलेल्या पैशांचा हिशेब मागणाऱ्या नोटिसा येत होत्या. दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या होत्या. अक्कांनाही नोटीस आली. त्यांची खरी विक्री जीएसटीच्या मर्यादेच्या चांगली आत होती, नोंदणीची गरजच नव्हती. भिशी मिळवली की आकडा मर्यादेच्या वर जात होता. मागच्या काही वर्षांचा कर, त्यावर व्याज, वर दंड. अक्का तो कागद पदराखाली झाकून माझ्याकडे येलहंक्याला आल्या, जणू काही चोरीचा माल होता.

"अण्णा, एवढा चिवडा मी जन्मात तळला नाही बघा," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं माझ्या नावावर आलं?"

मी त्यांना समजावलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. एवढंच म्हणाल्या, "दुकान जाईल का?"

मी म्हणालो, "जाणार नाही. भिशीतल्या लोकांनी लिहून दिलं की हे पैसे आम्ही भिशीचे म्हणून दिले होते, माल घेतला नव्हता, की तेवढे वजा होतात. वीस जणांच्या सह्या. दोन रविवारांचं काम आहे."

छातीठोकपणे बोललो मी. माझी माणसं होती ना ती.

मजकूर मीच तयार केला. चार ओळी. अमुक काळात मी अक्कांच्या खात्यावर दरमहा इतके रुपये भिशीचा हप्ता म्हणून भरले, ही विक्रीची रक्कम नव्हती. पहिली सही माझ्या बायकोने केली. मग मी ट्यूशन घेणाऱ्या सरांकडे गेलो. सर म्हणजे मंडळातले मानाचे गृहस्थ, घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्हीच सांगितलंय ना, विचारल्याशिवाय कशावर सही करायची नाही."

"मग मीच सांगतोय, करा."

"तसं नाही. पण एकदा नाव तिथे गेलं की ते आपल्याकडेही बघणार. हा हप्ता कुठून भरला विचारतील."

"विचारलं तर सांगा शिकवणीच्या फीमधून भरला. रिटर्न मी भरतो तुमचा, सगळं दाखवलेलं आहे त्यात."

सरांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. त्यावरून मला कळलं की सगळं दाखवलेलं नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून मान डोलवत होता.

पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, मिस्टरांना विचारून सांगते. मिस्टर म्हणाले, तिचे व्यवहार तीच बघते. मंडळाचे चिटणीस विजेची कंत्राटं घेतात, जीएसटी नंबरवाला माणूस, त्यांना तरी कळेल असं वाटलं. त्यांनी मला कॉफी पाजली, अक्कांबद्दल खूप वाईट वाटतंय असं तीनतीनदा सांगितलं आणि वर म्हणाले, "पण मंडळाचं नाव यात यायला नको. अक्कांनीच काहीतरी जुळवून घ्यावं." कुणाशी जुळवून घ्यायचं ते काही बोलले नाहीत. बाकीच्यांनी तर फोनच उचलला नाही. ज्यांच्या घरात भिशीच्या पैशांची कपाटं आणि पंखे होते त्यांनी कानांवर हात ठेवले. भिशी? हां, म्हणजे अशी एक होती, ऐकलं होतं.

आणि गंमत बघा, पुरावा माझ्याच घरात होता. यातल्या निम्म्या लोकांच्या बँकेचे उतारे रिटर्नसाठी माझ्याकडे आलेले. त्यात दर महिन्याला अक्कांच्या दुकानाला गेलेली तीच ठरावीक रक्कम. कुणी दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता एवढ्या रकमेचा चिवडा घेत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण गिऱ्हाइकाचा कागद त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रकरणात लावता येत नाही. ते मला करायचंही नव्हतं. मी परवानगी मागितली. सर म्हणाले, "विश्वासाने दिलेत हो आम्ही कागद तुमच्याकडे." विश्वास हा शब्द त्यांनी इतका सहज उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी चपला घातल्या आणि निघालो.

सुनावणीला अक्का निळी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. अधिकारी तरुण होता, कानडीत नीट आदराने बोलत होता. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, भिशीत वीस जण म्हणता, सही एकच कशी? आणि ही बाई कोण? मी म्हणालो, माझी पत्नी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तरी त्याने पुढची तारीख दिली. म्हणाला, अम्मा, खरं असेलही हे, पण मला कागद लागतो. निदान नावं द्या, कुठल्या नोंदी कुणाच्या त्या खूण करून द्या, मी स्वतः त्यांना पत्रं पाठवतो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, आता नावं द्यायची."

"स्वल्प थांबा, अण्णा. ते बरं दिसत नाही. लोकांच्या घरी सरकारी पत्र जाणार, पोरंबाळं घाबरणार."

"आणि तुमचं दुकान?"

"ते बघू."

मी त्यांच्यावर चिडलो. आजही चिडतो. हा असला चांगुलपणा मला बघवत नाही. समोरचे आपल्या पाठीवरून चालत जातात आणि आपण त्यांचे पाय दुखतील म्हणून आणखी वाकायचं! मी हे त्यांना बोललोही. त्या म्हणाल्या, "सरी, बरं," आणि ऑटोवाल्याशी भाडं ठरवायला लागल्या.

आता यापुढचं सांगायला मला जड जातं. नोटिशीनंतर अक्कांनी भिशी मधेच थांबवली. ज्यांना रक्कम मिळून गेली होती त्यांनी पुढचे हप्ते द्यायला हवे होते. ते कशाला देतात? भिशीच बेकायदा आहे म्हणतात, आता कशाला त्यात पडा, असं एकाचं ऐकून दुसरा म्हणू लागला. पण ज्यांची चिठ्ठी अजून निघाली नव्हती त्या आठ जणांना मात्र भिशी लख्ख आठवली. माझी बायको त्या आठांत होती, तिने आपलं सोडलं असं कळवून टाकलं. उरलेले सात जण एकेक करून दुकानात यायला लागले. अक्का, आमचे भरलेले तेवढे परत बघा. सर आले, पार्लरवाल्या बाई आल्या. चिटणीसांनी निरोप पाठवला.

अक्कांनी बांगड्या मोडल्या. मी नको म्हणत होतो. निदान जे पुढचे हप्ते देणं लागतात त्यांच्याकडून वसूल करून द्या म्हणालो. पण त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा मला एक सुचलं. मी म्हणालो, द्या, पण पावती घेऊन द्या. भिशीपोटी भरलेले पैसे परत मिळाले, एवढं एक वाक्य. पैसे घेताना कुणी सहीला नाही म्हणत नाही. या सात पावत्या हातात आल्या की अधिकाऱ्यासमोर भिशी सिद्ध झाली. दुकान वाचलं. मला तर रात्रभर हुरूप आला होता.

ठरल्या दिवशी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून आम्ही बसलो. अक्कांनी त्या दिवशीसुद्धा ताट मांडलं होतं. हळदकुंकू, नारळ, पाकिटं. मी पावत्यांचा गठ्ठा आणि पेन घेऊन बाजूला. पहिले सर आले. अक्कांनी पाकीट पुढे केलं, मी पावती पुढे केली. सरांनी ती वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"हे काय अक्का? आता आपल्यात लिहून घ्यायची वेळ आली का?"

मी म्हणालो, "सर, पैसे घेताय ना? मग घेतले म्हणून लिहा."

"मी अक्कांशी बोलतोय," ते म्हणाले. "एवढी वर्षं त्यांनी कधी आमची सही मागितली नाही. आम्ही परके झालो का?"

अक्कांचा चेहरा उतरला. त्या उठल्या, माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि डब्यांच्या मागे ठेवून दिला. "परवागिल्ला सर, राहू दे. घ्या तुम्ही." सरांनी पाकीट घेतलं, मोजलं आणि नारळही घेतला. नंतर आलेल्या एकालाही मला पावती दाखवता आली नाही.

सगळे गेल्यावर मी वाटेल ते बोललो. मूर्ख म्हणालो त्यांना. वयाने माझ्याहून मोठ्या बाईला असं बोलायला नको होतं, पण मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रागावण्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. अक्का ताट आवरत होत्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "सही नाही तर पैसे नाही, असं तुम्ही म्हणता. मग त्यांनी मला दिले होते ते खोटं का? तुम्हाला कागद पाहिजे, त्या साहेबाला कागद पाहिजे. मी घेतले होते हे मला तर माहीत आहे ना. ते मी कसं अडवून धरू?"

मी पेन खिशाला लावलं आणि शटर वर केलं. पुढच्या तारखेला आमच्याकडे नवीन काहीच नव्हतं. आदेश निघाला, पूर्ण रकमेचा. अपील करायचं तर आधी त्यातला काही भाग भरावा लागतो, आणि दाखवायला पुरावा लागतो. बांगड्या गेलेल्या होत्या, पुरावा डब्यांच्या मागे कोरा पडून होता. तरी मी अपिलाची मुदत संपेपर्यंत पुन्हा एकदा सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. व्यर्थ. अक्कांनी दुकानाची जागा सोडली, अनामत परत मिळाली ती सरकारात भरली, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. आता त्या इंदिरानगरमध्ये एका मोठ्या मिठाईवाल्याच्या भटारखान्यात पगारावर जातात. दिवसभर उभ्याने चकल्या घालतात. त्यावर नाव त्या मिठाईवाल्याचं असतं.

मी रविवारी जाणं बंद केलं. कुणी का म्हणून विचारलं नाही. फळा अजून तिथे आहे म्हणतात.

रिटर्न भरायचे दिवस आले तसे सर फाइल घेऊन माझ्या दारात हजर झाले. मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. घरी शिधा भरायचा होता, मी खुर्ची दिली. त्यांचा बँकेचा उतारा बघताना रोख भरलेली एक रक्कम दिसली. मी विचारलं, ही कसली?

"ती होय? ते अक्कांनी परत दिलेले भिशीचे पैसे," सर म्हणाले. "बँकेत टाकून ठेवले. त्याच्यावर टॅक्स नाही ना लागणार? माझेच होते ते. कमाई नाही ती."

"रोख भरलेत. उद्या कुणी विचारलं, कुठून आले, तर?"

"मग सांगू की. दर महिन्याला मीच भरलेत अक्कांच्या खात्यावर, उताऱ्यात सगळं दिसतंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "पाहिजे तर आत्ता लिहून देतो, असू द्या फाइलला."

मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं की अमुक काळात मी अक्कांच्या खात्यावर दरमहा भिशीचा हप्ता भरला होता आणि ते पैसे मला रोख परत मिळाले. खाली लफ्फेदार सही केली.

"तारीख आजचीच घालू ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो, आजचीच घाला."